वरिष्ठ राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धेची सुरुवात १९३६ ची धरावी की १९५२ ची?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे ते स्पष्ट राहील. आपल्या तालुक्यातील व्हॉलीबॉल मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या इतिहासावर दोन-तीन पाने द्यायची आहेत आणि ती जबाबदारी आपल्याकडे आली आहे. माहिती जमवताना एके ठिकाणी ही स्पर्धा १९३६ मध्ये लाहोरला सुरू झाली असे आपल्याला आढळले, तर दुसऱ्या ठिकाणी १९५२ मध्ये मद्रासला. राज्यांच्या स्पर्धेत रेल्वे आणि सेनादल कसे खेळतात, हे कुठेच समजावून दिलेले नाही. जुन्या सामन्यांचे १५-१३ असे गुण आजच्या २५-२३ शी ताडून पाहता येतील का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. शिवाय मंडळाच्या एका दिवंगत संस्थापकांच्या घरी ‘राष्ट्रीय स्पर्धेत सहभाग’ असे प्रमाणपत्र आहे, पण त्यावरील तारखेचा भाग फाटला असल्यामुळे ते कोणत्या वर्षीचे हे ठरत नाही.

मी अनेक वर्षे गुणलेखकाच्या टेबलावर आणि पुढे पंच म्हणून जाळ्याजवळच्या उंच खुर्चीवर काम केले आहे. निवृत्तीनंतर जुन्या गुणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि संघांची छायाचित्रे जमवून त्यांची ओळख पटवणे हाच माझा उद्योग झाला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या चारही शंकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ज्या स्पर्धेला आपण सलग एक स्पर्धा समजतो, तिचे चालक, तिच्यात उतरणाऱ्या संघांची नावे आणि तिचे नियम या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी बदलल्या आहेत. विजेत्यांच्या यादीत यातला एकही बदल दिसत नाही, आणि आपल्याकडे या स्पर्धेचा इतिहास म्हणून बहुतेक वेळा तीच यादी छापली जाते.

प्रथम सालाकडे वळू. व्हॉलीबॉल हा खेळ विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होलियोक येथे वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या व्यायामशाळेत सुरू केला आणि त्याच संस्थेच्या शारीरिक शिक्षकांबरोबर तो भारतात आला. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी हा खेळ शाळाशाळांच्या मैदानावर नेला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली तेव्हा तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते आणि चिटणीसपद वाय.एम.सी.ए.च्याच डॉ. नोहरेन यांच्याकडे. हा तपशील मी मुद्दाम देत आहे, कारण व्हॉलीबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना नसताना या खेळाची देशपातळीवरील स्पर्धा ऑलिंपिक संघटनेने का भरवली, याचे उत्तर त्यात आहे. खेळ आणणारी माणसे आणि ती संघटना उभी करणारी माणसे बऱ्याच अंशी एकाच वर्तुळातील होती.

या संघटनेच्या छत्राखाली १९३६ मध्ये लाहोर येथे आंतरराज्य अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि पुढे १९५० पर्यंत ती दर दोन वर्षांनी भरवण्याची पद्धत होती. म्हणजे १९३६ हे साल देणारा चुकीचे सांगत नाही.

१९४७ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला आणि १९४९ मध्ये प्राग येथे पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्या देशाला या नव्या चौकटीत यायचे होते त्याला त्या खेळापुरती जबाबदार अशी स्वतःची संघटना हवी होती. १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघाची स्थापना झाली, त्याची पहिली सभा पंजाबातील लुधियाना येथे भरली आणि १९५२ मध्ये मद्रासला महासंघाची पहिली वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच १९५२ मध्ये मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ उतरले. मला हा योगायोग वाटत नाही. जो देश जागतिक स्पर्धेत संघ पाठवू लागतो त्याला खेळाडू दरवर्षी एका जागी पाहण्याची सोय लागते, आणि दोन वर्षांतून एकदा भरणाऱ्या आंतरराज्य स्पर्धेतून ती गरज भागली नसती. म्हणून १९५१-५२ चा बदल मी नुसता नावाचा मानत नाही. त्या वर्षी स्पर्धेचे प्रयोजनच बदलले, असे माझे मत आहे.

महासंघ स्वतः कोणते साल धरतो, हे साध्या आकडेमोडीने पडताळता येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोझिकोड येथे झालेली स्पर्धा ६६ वी होती आणि डिसेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरला झालेली ६८ वी. १९५२ ला पहिली धरून वर्षाला एक असे मोजत गेलो, तर ६८ वी बरोबर २०१९ मध्ये येते. कोझिकोडची स्पर्धा फेब्रुवारीत झाली असली तरी ती २०१७-१८ च्या हंगामाची होती, त्यामुळे तिचाही हिशेब जुळतो. १९३६ ते १९५० या काळातील द्वैवार्षिक स्पर्धा मोजणीत धरल्या असत्या, तर हे क्रमांक तेवढ्याने पुढे गेले असते. म्हणजे आज छापला जाणारा क्रमांक मद्रासपासूनचा आहे, लाहोरपासूनचा नाही. स्मरणिकेत दोन्ही साले द्यावीत, पण त्यांची कामे वेगळी ठेवावीत: “देशपातळीवरील आंतरराज्य स्पर्धा १९३६ मध्ये लाहोरला सुरू झाली, आज ज्या क्रमांकाने राष्ट्रीय स्पर्धा ओळखली जाते ती मालिका महासंघाने १९५२ मध्ये मद्रासला सुरू केली.” एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

लाहोरबद्दल आणखी थोडे लिहावेसे वाटते, कारण घाईने लिहिलेल्या इतिहासात ते शहर हमखास गळून पडते. पहिली स्पर्धा ज्या पंजाबात झाली तो अखंड पंजाब होता. फाळणीनंतर तेथील मैदाने, शिक्षक आणि खेळाडू दोन देशांत वाटले गेले. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सहा खेळाडूंच्या व्हॉलीबॉलमध्ये जपानला सुवर्ण, भारताला रौप्य आणि पाकिस्तानला कांस्य पदक मिळाले. त्या निकालाकडे पाहताना मला नेहमी जाणवते की दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे संघ पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत एकाच देशाच्या स्पर्धांतून घडत होते. १९३६ ते १९४६ हा काळ इतिहासातून वगळला, तर हा धागाही तुटतो.

आता संघांच्या नावांकडे येतो. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांच्या सर्वाधिक चुका मला येथे आढळल्या आहेत, म्हणून येथे थोडे जास्त थांबतो. काही वर्षांपूर्वी दक्षिण महाराष्ट्रातील एका कुटुंबाने मला आजोबांचे प्रमाणपत्र पाहायला बोलावले होते. ते पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि जमिनीच्या कागदांच्या खाली, घडी घालून ठेवलेले होते. घडीच्या रेषेवर कागद तुटायला आला होता, पण निळ्या शाईतील अक्षर स्वच्छ होते आणि संघाच्या जागी ‘बॉम्बे’ असे लिहिलेले होते. घरात दोन पिढ्या असा समज होता की आजोबा काही वर्षे मुंबईत नोकरीला असावेत आणि तेथून शहराच्या संघात खेळले असावेत. नातवाने तर त्यावरून मुंबईतील कोणत्या मंडळाचा तो संघ असेल याचा शोधही सुरू केला होता. प्रत्यक्षात आजोबांनी गाव कधीच सोडले नव्हते. १ मे १९६० पूर्वी महाराष्ट्र हे राज्यच नव्हते. प्रमाणपत्रावरील ‘बॉम्बे’ म्हणजे मुंबई राज्य, आणि दक्षिण महाराष्ट्रातील जिल्हे त्याच राज्यात होते. हे सांगितल्यावर त्या घरातील आजी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे हे आपल्या सगळ्यांसाठीच खेळले होते.”

हा घोळ फक्त मुंबईपुरता नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेशात. म्हणून १९५२ ते १९५६ या वर्षांत औरंगाबादचा किंवा नागपूरचा खेळाडू शोधताना केवळ ‘मुंबई’च्या संघात पाहून चालणार नाही. आजच्या केरळचा मोठा भाग तेव्हा त्रावणकोर-कोचीन होता. म्हैसूरचे कर्नाटक १९७३ मध्ये झाले, मद्रासचे तामिळनाडू १९६९ मध्ये, आणि हरियाणा पंजाबातून १९६६ मध्ये वेगळे झाले. यादीत ‘म्हैसूर’ आणि ‘कर्नाटक’ ही नावे निराळ्या राज्यांची म्हणून मोजली, किंवा १९६६ पूर्वीचे पंजाबचे यश आजच्या पंजाबच्या खात्यावर जसेच्या तसे टाकले, तर ‘सर्वाधिक विजेतेपदे कोणाची’ हा हिशेब चुकतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. क्रीडा संघटनांच्या सीमा नेहमी राज्यांच्या सीमांशी जुळतातच असे नाही. क्रिकेटमध्ये आजही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आपल्या एकाच राज्यातून रणजी करंडकात खेळतात. त्यामुळे राज्याच्या नकाशावरून अंदाज बांधावा, पण निर्णय कागद पाहूनच करावा. माझा नियम असा आहे की संघाचे नाव त्या वर्षी जसे होते तसेच छापावे आणि आजचे नाव हवेच असेल तर त्यापुढे एका शब्दात द्यावे.

रेल्वे आणि सेनादल यांचे कोडे याच्याच जवळचे आहे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत राज्य संघटनांप्रमाणे देशभर पसरलेल्या काही सेवांनाही संलग्न घटक मानले जाते, आणि रेल्वेत किंवा सैन्यदलात नोकरीला असलेला खेळाडू आपल्या जन्मराज्याकडून न खेळता त्या सेवेच्या संघातून उतरतो. यामागचे कारण आर्थिक आहे. व्हॉलीबॉलपटूला खेळावर पोट भरण्याची सोय आपल्याकडे फार काळ नव्हती, ती खेळाडू म्हणून मिळालेल्या नोकरीतून आली. रेल्वेने मुलींना मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या दिल्या, त्यामुळे महिला गटात रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे इतरांना भारी पडत राहिला. त्या संघात अनेक राज्यांच्या मुली एकत्र असत. निकालात ‘रेल्वे विजयी’ एवढेच दिसते, पण त्या विजयात कोणकोणत्या गावांच्या मैदानांचा वाटा होता ते दिसत नाही.

याच कसोटीवर केरळ समजून घ्यावे. केरळमधील पोलीस दल आणि राज्य वीज मंडळ यांनी व्हॉलीबॉलपटूंना नोकऱ्या दिल्या, परंतु हे मालक राज्यातलेच असल्यामुळे त्यांचे खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत केरळकडूनच खेळले. घराजवळ नोकरी आणि राज्याची जर्सी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळण्याची ही सोय इतर अनेक राज्यांना जमली नाही. जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईच्या अंतिम सामन्यात केरळच्या महिलांनी रेल्वेला हरवले, त्यामागे मला ही व्यवस्था दिसते. आपल्या मंडळातून रेल्वेत किंवा सैन्यात गेलेले खेळाडू असतील, तर महाराष्ट्राच्या यादीत त्यांचे नाव नाही म्हणून ते राष्ट्रीय स्पर्धा खेळलेच नाहीत असा निष्कर्ष काढू नका. त्यांना रेल्वेच्या आणि सेनादलाच्या संघांत शोधा.

केरळचा विषय निघाला म्हणून जिमी जॉर्ज यांच्याबद्दल लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. कन्नूर जिल्ह्यातील पेरावूर या गावी १९५५ मध्ये जन्मलेला हा खेळाडू किशोरवयातच केरळच्या संघात आला. १९७६ मध्ये तो राज्य पोलीस दलात दाखल झाला आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे तो अबू धाबीत खेळला आणि तेथून इटलीच्या व्यावसायिक क्लबांत गेला. १९८६ च्या सोल आशियाई खेळांत कांस्य पदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्यानंतर २०२३ च्या हांगझोऊ खेळांपर्यंत भारताच्या पुरुष संघाला या खेळात आशियाई खेळांचे पदक मिळालेले नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये इटलीत मोटार अपघातात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. तिरुवनंतपुरममधील बंदिस्त क्रीडागृहाला त्याचे नाव आहेच, पण इटलीतील मोंटिकियारी या गावातील क्रीडागृहही त्याच्याच नावाने ओळखले जाते. विजेत्यांच्या यादीत त्याच्या वाट्याला फक्त ‘केरळ’ हा शब्द येतो. आपल्या पानांवर दोन ओळी कमी करून का होईना, अशा एखाद्या खेळाडूला नावानिशी जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते.

आता गुणांची तुलना. माझ्याकडे १९८० च्या दशकातील एका राज्य स्पर्धेची मीच भरलेली गुणपत्रिका आहे. त्या काळात सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे. समोरच्या संघाने चेंडू जिंकला तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची. सामना मोकळ्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात होता, दव पडल्यामुळे चेंडू जड झाला होता आणि कागदाच्या कडा माझ्या मनगटाखाली ओल्या होत होत्या. चौथ्या सेटमध्ये गुण ९-९ झाले आणि तेथेच अडकले. प्रत्येक खेळाडूच्या नावाखालचे सर्व्हिसच्या फेऱ्यांचे रकाने एकामागून एक भरत गेले, रोटेशनची, म्हणजे खेळाडूंनी क्रमाने जागा बदलण्याची, दोन आवर्तने पूर्ण झाली, पण गुणांच्या उभ्या ओळीतील नऊच्या आकड्यापुढे माझी काट सरकेना. आज ती पत्रिका कोणी नुसती शेवटच्या गुणांसाठी पाहिली, तर त्याला १५-१२ एवढेच दिसेल. मला मात्र त्या भरलेल्या रकान्यांमध्ये खेळाडूंचे थकलेले खांदे आणि दोन्ही बाजूंच्या सेटरचे, म्हणजे चेंडू उचलून देणाऱ्यांचे, ओले तळवे दिसतात.

यावरून तुलनेचा मुद्दा हिशेबाने मांडता येतो. आजच्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू मरेपर्यंतच्या खेळाला, कोणाला तरी गुण मिळतोच, म्हणून २५-२३ असा सेट म्हणजे शिक्षेचे गुण सोडले तर ४८ रॅली झाल्या, हे गुणांवरूनच कळते. जुन्या पद्धतीत १५-१३ म्हणजे किमान २९ रॅली (२८ गुणांच्या आणि सर्व्हिस बदलण्याची निदान एक) एवढेच सांगता येते. प्रत्यक्षात त्या दुप्पट असतील किंवा तिप्पटही असतील, आणि ते फक्त गुणपत्रिकेतील सर्व्हिसच्या फेऱ्या मोजल्यावर समजते. खेळाची जोखीमही बदलली. पूर्वी सर्व्हिस जाळ्यात गेली तर हातची संधी जायची, गुण जायचा नाही; आता तीच चूक थेट प्रतिस्पर्ध्याला गुण देते. म्हणून जुना १५-१३ आणि आजचा २५-२३ यांत ‘चुरस सारखीच होती’ एवढे म्हणता येईल, त्यापुढे काही म्हणता येणार नाही.

मधल्या काळातील निकाल तर आणखी फसवे असतात. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने निर्णायक पाचव्या सेटपुरती प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत स्वीकारली आणि १९९८ च्या निर्णयानंतर ती सर्व सेटना लागू होऊन पहिल्या चार सेटची मर्यादा २५ झाली. त्यामुळे १९९० च्या दशकातील एखाद्या पाच सेटच्या सामन्यात पहिल्या चार सेटचे पंधरा गुण एका नियमाचे आणि शेवटच्या सेटचे पंधरा गुण दुसऱ्या नियमाचे असतात. लिबेरो हा वेगळ्या रंगाच्या जर्सीतील बचावपटूही १९९८ पासूनचा. हे नियम राष्ट्रीय स्तरावरून तालुक्यापर्यंत झिरपायला वेळ लागे, आणि तो किती हे जागेवर अवलंबून होते. एकाच वर्षी जिल्हा स्पर्धेत नवा नियम आणि गावच्या यात्रेतील स्पर्धेत जुना नियम असे मी स्वतः पंच म्हणून अनुभवले आहे. तेव्हा आपल्या मंडळाचे जुने निकाल छापताना सालावरून नियम गृहीत धरू नका, गुणांवरून ओळखा. पहिल्या चार सेटपैकी एकही २५ वर किंवा त्यापुढे संपलेला नसेल, तर जुनीच पद्धत होती.

येथपर्यंतचे थोडक्यात पुन्हा सांगतो, कारण पुढचा भाग यावरच उभा आहे. मालिका १९५२ पासून मोजावी, पण १९३६ चा उल्लेख वगळू नये. संघाचे नाव त्या वर्षीचे ठेवावे. आणि गुण त्या वर्षीच्या नियमानेच वाचावेत. ‘फेडरेशन कप’ ही निवडक अव्वल संघांची वेगळी स्पर्धा आहे, तिचे निकाल वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत मिसळू नयेत. तसेच २०१९ ची प्रो व्हॉलीबॉल लीग आणि २०२२ पासूनची प्राइम व्हॉलीबॉल लीग यांत शहरांच्या नावाचे, मालकीचे संघ असतात. त्या स्पर्धा चांगल्याच आहेत, पण त्यांचा इतिहास निराळा आहे.

आता आपल्याकडील प्रमाणपत्राविषयी. सर्वांत आधी घरच्या माणसांना आणि त्यांच्याबरोबर खेळलेल्या कोणाला तरी विचारा की ते ‘शूटिंग’ खेळायचे की ‘पासिंग’, म्हणजे आपला नेहमीचा व्हॉलीबॉल. आपल्या ग्रामीण भागात जोडलेल्या मुठींनी चेंडू मारण्याचा शूटिंग व्हॉलीबॉलचा खेळ फार लोकप्रिय होता आणि आहे. त्याची संघटना वेगळी, राष्ट्रीय स्पर्धाही वेगळ्या. जुने लोक दोन्हींना नुसते ‘व्हॉलीबॉल’ म्हणतात आणि ‘नॅशनल खेळलो’ हे दोन्ही बाबतींत खरे असते. शूटिंगची राष्ट्रीय स्पर्धा खेळणे हा कमीपणा मुळीच नाही, परंतु तिची नोंद तिच्याच नावाने झाली पाहिजे. मी एकदा ऐकीव माहितीवर विसंबून एका ज्येष्ठ खेळाडूचे नाव चुकीच्या स्पर्धेखाली लिहिले होते. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, पण तोपर्यंत ते हयात राहिले नव्हते, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

त्यानंतर प्रमाणपत्रावर स्पर्धेचा क्रमांक वाचता येतो का पाहा. वरिष्ठ गटाच्या जुन्या स्पर्धेसाठी त्या क्रमांकात १९५१ मिळवले की साधारणपणे साल मिळते. स्पर्धा हंगामाच्या अखेरीस, पुढच्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली असेल तर एका वर्षाचा फरक पडू शकतो. मात्र क्रमांकाआधी ‘कुमार’ किंवा ‘ज्युनियर’ असा शब्द असेल तर हा हिशेब लावू नका, कारण त्या गटांची मालिका स्वतंत्र मोजली जाते. क्रमांकही फाटला असेल तर राज्याच्या नावाकडे पाहा: ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९६० पूर्वीचे, ‘महाराष्ट्र’ असेल तर नंतरचे. कागद कोणाच्या नावाने दिला आहे तेही महत्त्वाचे. भारतीय व्हॉलीबॉल महासंघाचे नाव असेल तर तो १९५१ नंतरचाच.

घरात संघाचे छायाचित्र असेल तर ते प्रमाणपत्राइतकेच बोलते. जाळ्याच्या दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या उभ्या काठ्या, म्हणजे अँटेना, दिसत असतील तर छायाचित्र १९७० च्या आधीचे असण्याची शक्यता फार कमी आहे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांतच त्या साधारण त्या सुमारास आल्या. चेंडू निळा-पिवळा असेल किंवा एका खेळाडूची जर्सी इतरांपेक्षा वेगळ्या रंगाची असेल, तर छायाचित्र १९९८ नंतरचे. पांढरा चेंडू मात्र काहीच सिद्ध करत नाही. गावाकडे तो नंतरही अनेक वर्षे वापरात होता. पुढच्या रांगेसमोर ठेवलेली पाटी भिंगाखाली वाचा, तिच्यावर बहुधा स्थळ आणि साल खडूने लिहिलेले असते.

शेवटची विनंती अशी की प्रमाणपत्राचा फोटो काढताना मागची बाजूही काढा. खेळाडूने ते नोकरीसाठी कधी सादर केले असेल, तर मागे पडताळणीचा शिक्का आणि अधिकाऱ्याची तारखेसह सही असते. स्पर्धा त्या तारखेच्या आधीच झाली होती एवढे त्यावरून नक्की होते. दोन्ही बाजूंचे फोटो आणि एखादे संघाचे छायाचित्र आपण येथे दिले, तर वर्ष कुठपर्यंत नेमके करता येते ते आपण मिळून पाहू.